शुक्रवारची ओटी

लोकांना काही द्यायचं म्हटलं की हिच्या अंगात येतं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. कौतुकाने नव्हे. लग्न होऊन मी ठाण्याला नौपाड्यात आले तेव्हा मॅट्रिक झालेली होते आणि घरात मला करण्यासारखं काही उरत नसे, कारण जे काही काम असे ते सासूबाईंच्या मते मला येत नसे. म्हणून मी महिला मंडळात जाऊ लागले. त्या मंडळाच्या कामात मी एका बाईशी जशी वागले ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगून हलकं वाटेल अशी आशाही नाही. पण आठवणी लिहायला बसले आहे तर हे टाळून बाकीचं लिहिणं म्हणजे शुद्ध लबाडी.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. कल्याणच्या पुढे निर्वासितांची छावणी पडली तेव्हा आमच्या मंडळाने त्यांच्यासाठी मूठ काढायला सुरुवात केली होती. म्हणजे असं, की रोज स्वयंपाकाला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ बाजूला काढायची आणि वेगळ्या डब्यात टाकायची. शनिवारी आम्ही बायका पिशव्या घेऊन घरोघर फिरायचो आणि ते डबे रिकामे करून आणायचो. रेशनचे दिवस होते, कुणाच्याच घरी उतू जात नव्हतं, तरी मूठ निघायची. पुढे छावणीत सरकारी धान्य मिळू लागलं आणि आमच्याकडे पोतं साठलं. तेव्हा कुणीतरी म्हणालं की आपल्या गावात का कमी उपाशी आहेत?

म्हणायला सोपं होतं. निर्वासितांना देणं सोपं, कारण ते आपल्याला ओळखत नव्हते. जाऊन वाटून यायचं, दमून घरी येऊन चहा प्यायचा, बरं वाटायचं. पण शेजारच्या आळीतल्या, आपल्यासारखंच लुगडं नेसणाऱ्या, आपल्याच विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईच्या दारात तांदळाची पिशवी घेऊन उभं राहायचं म्हणजे तिला तोंडावर सांगायचं, की बाई गं, तुझ्यावर भिकेची पाळी आली. बायका नाही म्हणायच्या. हसून नाही म्हणायच्या, वर आम्हालाच गूळपाणी द्यायच्या.

मंडळाच्या अध्यक्षीणबाई एका डॉक्टरांच्या पत्नी होत्या. त्यांच्या पडवीत आम्ही शनिवारी दुपारी सुपं घेऊन बसायचो. घराघरातलं धान्य एकत्र झालेलं असायचं. कुणाचे आंबेमोहोर, कुणाचे रेशनचे, कुणी आगरातून आणलेले तांबडे, त्यात चुकून पडलेली ज्वारी, खडे आणि कधी एखादी हेअरपिन. ते निवडता निवडता गावातल्या सगळ्या घरांची उणीदुणी काढून व्हायची. अमकीची मूठ लहान आणि हात मोठा, अशा गप्पा. मला तिथे फार आवडायचं, हे कबूल करते.

आमच्या घरामागच्या चाळीत ती राहायची. कोकणातली होती, माझ्याच वयाची असेल, मुलगी तीन वर्षांची. नवरा गिरणीत होता, पण क्षयाने अंथरुणाला खिळलेला. गिरणीने कामावरून कमी केलेलं. खोलीच्या दाराला तिने गोणपाटाचा पडदा लावला होता, आणि त्याच्या आडून खोकल्याचा आवाज दिवसभर यायचा. पहिल्यांदा मी दोन शेर तांदूळ घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे आहेत हो वहिनी अजून. दुसऱ्या कुणाची नड असेल, त्यांना द्या." चुलीत राख होती आणि तीसुद्धा गार. मुलगी माझ्या पिशवीकडे बघत होती. मी पिशवी घेऊन परत आले आणि सासूबाईंवर विनाकारण चिडले.

मग मला ती युक्ती सुचली. त्या युक्तीचा मला पुढे बरीच वर्षं अभिमान वाटायला हवा होता, तो वाटायची वेळच आली नाही ही गोष्ट वेगळी. युक्ती अशी, की तांदूळ द्यायचेच नाहीत. शुक्रवारी हळदीकुंकवाला बोलवायचं आणि ओटी भरायची. ओटीला कुठलीही सवाष्ण नाही म्हणत नाही. भरली ओटी नाकारणं म्हणजे आपल्या हाताने नवऱ्याचं वाईट चिंतणं. शिवाय पदर पसरायचा तो ओटीसाठी, त्यात कसला आलाय कमीपणा? राणी असली तरी तीही पदरच पसरते. फक्त आम्ही भरताना पाच मुठींच्या जागी दोन शेर भरायचे.

तिला बोलावलं. ती आली, धुतलेलं लुगडं नेसून, मुलीचं तोंड पुसून. मी हळद लावली, कुंकू लावलं आणि ओंजळीमागून ओंजळ तिच्या पदरात घालत राहिले. तीन झाल्या, पाच झाल्या, सात झाल्या. तिने एकदा वर बघितलं. तिला कळलं की काय म्हणून मी घाबरले. पण ती म्हणाली, "भरपूर भरलीत हो ओटी. ह्यांना आता उतार पडेल बघा."

ती हे अगदी मनापासून म्हणाली होती. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, उलट आपली युक्ती लागू पडली म्हणून मी मनातल्या मनात नाचले. अध्यक्षीणबाईंनी माझी पाठ थोपटली. महिन्याभरात आमच्या शुक्रवारच्या ओटीला दहा-बारा बायका येऊ लागल्या. नारळ परवडत नव्हते म्हणून एकच नारळ सगळ्यांच्या पदराला लावून परत ताटात ठेवायचो, आणि त्यावरून खूप हसायचो. तो नारळ पाच-सहा महिने टिकला. ती मला एकदा म्हणाली, "तुमच्या तांदळांचा भात कधी एकसारखा नाही हो शिजत. अर्धा गाळ, अर्धा कच्चा." आणि मग स्वतःच जीभ चावली. मी म्हटलं, अहो, पंचवीस घरांचे तांदूळ ते, घरातल्या चार माणसांचं तरी कुठे एकमत होतं? तेव्हा ती पोट धरधरून हसली. तिला तसं हसताना मी तेवढंच पाहिलं.

पौषात तिचा नवरा गेला.

आमच्यापैकी एकीलाही तोवर सुचलं नव्हतं की ओटी विधवेची भरत नाहीत. म्हणजे ठाऊक सगळ्यांना होतं, पण आपल्या युक्तीचा त्याच्याशी काही संबंध आहे, हे सुचलं नव्हतं. ज्या घरातला कमावता माणूस गेला त्या घराला तांदूळ बंद, अशी व्यवस्था आम्ही डोकं चालवून, नारळ फिरवून, हसतखेळत करून ठेवली होती. आणि ती केली होती मी. मंडळात विषय निघाला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, तिला घरी नेऊन द्यायचे, त्यात काय? कोण नेणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण ती माझी होती.

तेव्हा मला तिसरा महिना होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सुतक फिटलं तरी वर्ष-सहा महिने त्या घरात पाऊल टाकायचं नाही तू. पहिलटकरीण आहेस. काही झालं म्हणजे मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मी शिकलेली होते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. तरी मी गेले नाही. मी दुसरीला सांगितलं, तिने तिसरीला सांगितलं, आणि प्रत्येकीला वाटलं की कुणीतरी गेली असेल. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या चाळीचं छप्पर दिसायचं. मी ती खिडकी लावून घ्यायला लागले, धूर आत येतो म्हणून. माघ संपता संपता कळलं की तिने खोली सोडली, मुलीला घेऊन डोंबिवलीला दिराकडे गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण तसंच वाटलं होतं.

डोंबिवली तेव्हा नुसती वसत होती. स्टेशनापासून चार पावलं गेलं की भातखाचरं लागायची. त्यांच्या कडेने नोकरदार लोकांनी नव्या चाळी आणि बैठी घरं बांधायला घेतली होती. तिथल्या बायकांनी आमचं बघून मूठ सुरू केली आणि शुक्रवारची ओटीही सुरू केली. एकदा येऊन बघून जा, असं त्यांनी अध्यक्षीणबाईंना फार आग्रहाने कळवलं. बाई म्हणाल्या, चल तूही, कल्पना तुझीच आहे. मला सातवा महिना होता, उन्हं कडक होती, पण कल्पना माझी आहे म्हटल्यावर मी कसली घरी बसते?

एका अर्धवट बांधलेल्या घराच्या पडवीत सतरंजी अंथरली होती. पंधराएक बायका भिंतीला टेकून ओळीने बसल्या होत्या. तिथल्या बायकांनी मला बघताच हळदीकुंकवाची कोयरी माझ्याच हातात दिली. पोटुशी बाई, तिच्या हातून ओटी भरली तर किती चांगलं, असं त्यांचं म्हणणं. अध्यक्षीणबाई तांदळाची परात घेऊन माझ्या मागे. मी वाकत, उठत, एकेकीला हळद, मग कुंकू, मग ओंजळी, अशी पुढे सरकत होते. सगळ्या माझ्या पोटाकडे बघून कौतुकाने हसत होत्या. मी खुशीत होते.

सात-आठ बायका झाल्या असतील. पुढची मान खाली घालून बसली होती, पदर आधीच पसरलेला. मी हळद लावायला हात पुढे केला तेवढ्यात तिच्या मांडीजवळून एक पोर म्हणाली, "आई, ठाण्याच्या काकू."

तिने वर बघितलं. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, गळ्यात काळे मणी होते. चेहरा इतका उतरलेला, की मुलगी बोलली नसती तर मला कदाचित ओळख पटलीही नसती. एका क्षणात मला सगळं कळलं. इथे तिला कुणी ओळखत नव्हतं. मालक भुसावळकडे नोकरीला असतात असं तिने सांगितलं होतं, हे मला नंतर समजलं. दर शुक्रवारी ती कुंकू लावून यायची, ओटी घेऊन जायची. मेलेल्या नवऱ्याच्या आयुष्यासाठी ओटी घेत होती ती. आणि ते ती काय समजून घेत असेल? ओटीने नवऱ्याला उतार पडेल, असं मनापासून म्हणणारी बाई होती ती.

"भरा हो वहिनी," ती अगदी हळू म्हणाली. ओठ हलले तेवढेच. "पोरीसाठी."

माझ्या बोटाला कुंकू लागलेलं होतं. फक्त ते बोट चार अंगुळं पुढे न्यायचं होतं. कुणाला काही कळलं नसतं. अध्यक्षीणबाई मागे परात सावरत होत्या, त्यांचं लक्षही नव्हतं. आणि माझा हात थांबला. नुसता थांबला नाही, दुसरा हात आपोआप माझ्या पोटावर गेला. मी एक पाऊल मागे सरले. माझ्या मनात रूढी नव्हती, शास्त्र नव्हतं, लोक काय म्हणतील हेही नव्हतं. मला भीती वाटली. ह्या बाईच्या कपाळाला मी आत्ता कुंकू लावलं तर माझ्या पोटातल्या जिवाचं काहीतरी होईल, माझ्या नवऱ्याचं काहीतरी होईल, एवढीच ती भीती. मॅट्रिकला मला संस्कृतात चांगले मार्क होते, मी वर्तमानपत्र वाचायचे, सासूबाईंना मनात मागासलेल्या म्हणायचे. सगळं कुठल्या कुठे गेलं.

सगळ्या बायका बघत होत्या. "काय झालं? चक्कर येतेय का?" कुणीतरी विचारलं. तोवर अध्यक्षीणबाईंनी पुढे होऊन बघितलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई! ह्यांचे तर पौषात..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती.

कुणी तिला बोललं नाही. मला वाटलं होतं एखादी तरी ओरडेल, काहीतरी वाईटसाईट बोलेल, मग मला मध्ये पडता येईल, तिची बाजू घेता येईल. पण शेजारी बसलेली बाई फक्त जरा सरकली. पलीकडची पण सरकली. अध्यक्षीणबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "चल पुढे." आणि मी पुढे गेले. पुढच्या बाईला हळद लावली, कुंकू लावलं, तिची ओटी भरली. माझे हात व्यवस्थित चालत होते. तिने पसरलेला पदर अजून तसाच होता. थोड्या वेळाने तिने तो गोळा केला, त्याच पदराने कपाळ पुसलं, मुलीचं बखोट धरलं आणि उन्हात निघून गेली. मुलगी वळून वळून परातीकडे बघत होती.

पुढच्या शुक्रवारी तिथे पाचच बायका आल्या असं कळलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी दोन. सगळ्यांनाच समजून चुकलं होतं की ही ओटी नाही, ही मदत आहे, आणि ती घेणाऱ्याची इथे पारख होते. तिथल्या मंडळाने ठरवलं की यापुढे आधी घरी जाऊन चौकशी करायची आणि मगच नाव घ्यायचं. मग कुणीच येईना. तांदळाला पोरकिडे झाले. आमच्या नौपाड्यातही शुक्रवार हळूहळू बंद पडला. उन्हाळा आहे, लग्नसराई आहे, असं काही ना काही निघत गेलं. खरं म्हणजे पदर पसरणाऱ्या बायकांना आता आमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, आणि आम्हाला त्यांच्या.

डोंबिवलीच्या त्या शुक्रवारनंतर चौथ्या दिवशी मी सासूबाईंना दवाखान्यात जाते म्हणून सांगितलं आणि एकटी डोंबिवलीला गेले. घरातलेच चार शेर तांदूळ पिशवीत घेतले होते. वाटेत मी काय बोलायचं ते घोकत होते. मी चुकले म्हणायचं. माझा हात धरा म्हणायचं. तुम्ही मला हवं ते बोला, शिव्या द्या, मी ऐकून घेईन म्हणायचं. खरं सांगायचं तर तिने मला फाडून खावं अशी माझी इच्छा होती. तेवढं झालं असतं तर मी बरोबरी झाली समजून घरी जाऊन झोपले असते.

दिराचं घर शोधायला वेळ लागला नाही. विहिरीपलीकडे कुडाच्या भिंतींची एक खोली होती. दीर आणि जाऊ कुणाच्या तरी बांधकामावर कामाला गेलेले. दार उघडं होतं. ती खाली बसून चिंचोके फोडत होती. कपाळ रिकामं, गळा रिकामा. मुलगी कोपऱ्यात निजलेली होती, दुपारची वेळ नसताना.

मी उंबऱ्याशी उभी राहिले. मला बघताच ती झटकन उठली आणि भिंतीपर्यंत मागे सरली. "आत नका येऊ वहिनी," ती म्हणाली.

आता बोलेल, म्हणून मी मान खाली घातली.

"तुम्ही दोन जिवांच्या," ती म्हणाली. "मी त्या दिवशी तुमच्या हाताखाली बसायलाच नको होतं. तुम्ही येणार हे ठाऊक असतं तर शप्पत आले नसते हो. चार दिवस माझ्या जिवाला चैन नाही. बाळ फिरतंय ना पोटात?"

"फिरतंय," मी म्हणाले. बाकी घोकलेलं एक अक्षर तोंडातून बाहेर पडलं नाही.

तिने हात जोडले. मला नाही, वर कुठेतरी. "देव पावला," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. माझ्यासाठी. माझ्या मुलासाठी. मग तिने पिशवीकडे बघितलं. एक पातेलं आणून उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि पुन्हा भिंतीपर्यंत मागे गेली.

"त्यात घाला वरून," ती म्हणाली. "मला शिवू नका."

तिथे बघायला कुणी नव्हतं. उंबरा ओलांडून तिच्यापर्यंत चार पावलं होती. ती मी टाकायची, तिचा पदर धरायचा आणि त्यात ते तांदूळ ओंजळीने घालायचे, एवढंच होतं. मी पिशवीचं तोंड सोडलं आणि बाहेर उभी राहून वरूनच घातले.